एक्केचाळीसावं घर

बंगळूर, ता. ४ डिसेंबर १९६०

अक्का,

नमस्कार एवढं लिहून मी दोनदा उठलो. एकदा पाणी प्यायलो, एकदा खिडकी लावली. नऊ वर्षांत तुला साधं कार्ड टाकलं नाही आणि आता लिहितोय ते कामापुरतं, हे तू दुसऱ्या ओळीत ओळखशील, म्हणून मीच आधी सांगून टाकतो. काम आहे.

आमच्या ऑफिसात लहान लहान गावांची माहिती गोळा करून प्रत्येक गावाची एक पुस्तिका छापायचं ठरलंय. ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशीच गावं घ्यायची. आमचे सुपरिंटेंडेंट हयवदनराव यांनी विचारलं, समुद्राकाठचं एखादं गाव कुणाला माहीत आहे का. मी काजरपोय म्हणालो. नकाशावर ते कुणाला सापडेना. कारवारच्या खाली बोट फिरवत मी आपल्या खाडीचं तोंड दाखवलं, तर तिथे नुसता निळा रंग. सगळे हसले आणि गाव माझ्या गळ्यात पडलं.

खरं म्हणजे गावी जाऊन चौकशी करायची असते. पण सध्या माझी प्रकृती ठीक नाही, खोकला आहे. तेव्हा तूच लिहून कळव. चौथीपर्यंत तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. विहिरी किती, कुठली गोडी आणि कुठली मचूळ, बांधावर कोण कोण खपतं, रापणीचं जाळं ओढायला किती जण, मासळीचे वाटे कसे पडतात, माड किती, शाळा भरते का. आणि घरं. घरं सगळी नावानिशी लिही, डोंगराकडून सुरुवात करून खाडीपर्यंत. एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक घर, असा आमच्या ऑफिसचा नियम आहे.

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर टाक. घरी टपाल नीट पोचत नाही. माझं लग्न झालं हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. माणसं इथलीच, मराठीच, पण तीनशे वर्षांपासून बंगळुरात आहेत. चांगली आहेत.

संताजीला नमस्कार सांग, असं लिहावं की नाही याचा विचार करत होतो. सांग.

पद्माकर


बंगळूर, ता. २९ जानेवारी १९६१

अक्का,

तुझी वही पोचली. मी चार पानांची अपेक्षा केली होती, तू अख्खी वही भरून पाठवलीस. हयवदनरावांना मी काही भाग इंग्रजीत करून वाचून दाखवला. ते म्हणाले, हा तुमचा माहितगार कोण आहे, याला आपल्याकडे नोकरीला घ्यायला हवं. मी म्हटलं, गावातले एक वृद्ध गृहस्थ आहेत. रागावू नकोस. ऑफिसात असंच बोलावं लागतं.

काय काय लिहिलंस तू. चैत्रानंतर मधल्या विहिरीचं पाणी मचूळ होतं म्हणून बायका पहाटे वरच्या विहिरीवर जातात, ते. खेकडे बांध पोखरतात म्हणून दर अमावास्येला बांधावरून अनवाणी चालायचं, पायाला भोक कळतं, तेही. मी हे विसरलो होतो. वाचताना तळपायाला गार चिखल लागल्यासारखं झालं. ऑफिसात पंख्याखाली बसून मी बूट काढले होते, ते शिपायाने पाहिलं.

घरांची यादीही मिळाली. डोंगराखालच्या परसू पुजाऱ्यापासून सुरुवात केलीस आणि शेवटी लिहिलंस, "४१. खाडीच्या तोंडाशी. संताजी तारी आणि जमना. एक चूल. दहा माड, एका ओळीत, सगळे मी लावलेले. पहिला आता धरायला लागला."

घरांच्या आकड्याचं मी इथे बघून घेतो. छापताना थोडे नियम वेगळे असतात.

माड कसे काय लावलेस, ते लिहिलं नाहीस. दर वर्षी एक, असं दिसतंय. माहितीसाठी विचारतोय.

पद्माकर


बंगळूर, ता. १६ ऑगस्ट १९६२

अक्का,

पुस्तकाचं विचारलंस. छापखान्यात रखडलंय. सरकारी काम आहे. निघालं की पहिली प्रत तुला.

माडांचं उत्तर तेव्हाच वाचलं होतं. त्यावर काय लिहावं ते कळत नाही, म्हणून लिहीत नाही.

इथे पाऊस नावालाच आहे. सासरे अप्पासाहेबांनी परवा घरी चार माणसं जेवायला बोलावली होती. जावयाचं नाव छापून आलं म्हणून चिरोटी केली होती. ते दुसऱ्याच एका कामाबद्दल होतं.

पद्माकर


बंगळूर, ता. ६ सप्टेंबर १९६४

अक्का,

तुझं पत्र ऑफिसात आलं तेव्हा समोर माणसं होती. ते मी संध्याकाळी कब्बन पार्कात बसून वाचलं.

आषाढातल्या उधाणाने चार माड गेले हे वाचून वाईट वाटलं. पाणी आता अंगणापर्यंत येतं, हेही. गावच वर डोंगरावर हलवायचं ठरलं ते ठीकच झालं. आता कारवारहून आलेल्या साहेबांच्या हातात पुस्तक होतं, त्यात चाळीस घरं लिहिलेली आहेत, म्हणून डोंगरावर चाळीसच जागा आखल्या, आणि तुला म्हणाले की कागदावर तुमचं घर नाही, हा प्रकार खेदजनक आहे. अशा वेळी पंचायतीकडे लेखी अर्ज करावा. सोबत पट्टी भरल्याची पावती जोडावी. पावती नसल्यास दोन प्रतिष्ठित व्यक्तींचे दाखले चालतात. आश्विनाअखेर यादी कायम होणार असेल तर अर्ज लवकर जावा.

ते पुस्तक कुठलं, असं तू विचारलेलं नाहीस. तुझ्या पत्रात मी तो प्रश्न दोनदा शोधला.

पद्माकर


बंगळूर, ता. ११ ऑक्टोबर १९६४

अक्का,

मागचं पत्र फाडून टाक. एखाद्या अनोळखी अर्जदाराला लिहावं तसं ते मी तुला लिहिलं. पेटीत टाकलं तेव्हाच हात परत आत घालावासा वाटला होता.

ते पुस्तक माझं आहे. मे बासष्टमध्येच निघालं. ऑगस्टात तुला रखडलंय म्हणून लिहिलं तेव्हा त्याच्या सहा प्रती माझ्या टेबलावर होत्या, आणि चिरोटी त्याचीच होती. त्यातल्या विहिरी तुझ्या, बांध तुझा, रापणीचे वाटे तुझे. सातव्या पानावर लिहिलंय की गावात चाळीस घरं आहेत. ते तेवढं माझं.

स्वतःची समजूत मी कशी घातली तेही ऐक. गावात घरं चुलीवर मोजत नाहीत, नारळावर मोजतात. मार्गशीर्ष पुनवेला राखणदेवाच्या शिळेवर प्रत्येक घराने एक नारळ फोडायचा, परसूने एकेक वाटी बाजूला ठेवायची, आणि शेवटी वाट्या मोजायच्या. वाट्या जितक्या, घरं तितकी. वर्षभर रापणीचा वाटा आणि बांधाची पाळी त्याच आकड्यावर. तुझ्या घराचा नारळ घेत नाहीत, म्हणजे वाट्या चाळीस, म्हणजे घरं चाळीस. मी गावाचीच पद्धत पाळली, माझं काय चुकलं? चुलीचा नियम मीच तुला कळवला होता, हे त्या वेळी बरोबर विसरलो. एक्केचाळीस आकडा खोडला आणि त्यावर चाळीस टाइप केलं. यंत्राच्या दोन टिचक्या.

पण खरं कारण तेही नाही. लग्न ठरताना अप्पासाहेबांनी विचारलं होतं, घरी कोण कोण असतं. तू विधवा, संताजीबरोबर राहतेस, तो होडी वल्हवणारा तारी, तोही परक्या जातीचा, लग्नाचा विधी नाही. हे सांगायला जीभ रेटेना. मी म्हटलं, कोणी नाही. एक बहीण होती, ती गेली. कशाने गेली म्हणून भाग्यलक्ष्मीने विचारलं तर म्हणालो, समुद्राने. ती बिचारी रडली.

आता पुढचं लिहितो. हे लिहिल्याशिवाय बाकीच्याला काही अर्थ नाही. महालयात भटजी गेलेल्यांची नावं विचारतात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आई-दादांची सांगून झाल्यावर भाग्यलक्ष्मी मागून हळूच म्हणाली, अक्कांचं राहिलं. मी तुझं नाव सांगितलं. गेली सात वर्षं माझ्या घरी तुझ्या नावाने पिंड ठेवला जातोय. तुला तांदळाची खीर आवडायची असं मी एकदा बोलून गेलो होतो, म्हणून त्या दिवशी खीर करतात. यंदाही केली. कब्बन पार्कात तुझं पत्र वाचल्यावर महिनाभराने, खिशात ते पत्र असताना, मी बसून ती खीर खाल्ली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पासाहेबांबरोबर हेब्बाळला गेलो. तळ्याकाठी त्यांची थोडी जमीन आहे, पेरू, भाजी आणि सहा माड. त्यांना माझं पुस्तक पाठ आहे, येईल त्याला दाखवतात. माडाला पाणी सोडता सोडता ते एकदम म्हणाले, "अळियंद्रे, स्वल्प थांबा. तुमच्या पुस्तकात खाडीजवळ दहा तेंगिन मर लिहिलेत. एका ओळीत. जवळ मने कुठली ते लिहिलं नाही." जावयाला ते नेहमी असंच कन्नडातून हाक मारतात. मी म्हटलं, तिथे घर नाही. ते हसले. म्हणाले, "माड काय आपोआप ओळीत उगवतंय होय? पहिली चार वर्षं उन्हाळ्यात घागरीनं पाणी घालायला होतंय. पाणी घालणारं मनुष्य लांब राहत नाही. कोण राहतं तिथं?"

माड मी का ठेवले कोण जाणे. घर खोडलं, पण दहा माडांची ओळ खोडायला हात गेला नाही. तुझ्या उत्तरात वाचलं होतं ना, तुझ्या घरचा नारळ दर वर्षी देवासाठी काढून ठेवतेस, कुणी नेत नाही, आणि देवाचा म्हटलेला खायचा कसा म्हणून जमिनीत लावतेस.

मी म्हटलं, माझी बहीण राहते.

अप्पासाहेबांनी पाटाचं पाणी बंद केलं. मग एवढंच म्हणाले, "काल आपण खीर खाल्ली की हो." परतताना बसमध्ये ते दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. भाग्यलक्ष्मी दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. काल मात्र तिने भटजींना बोलावलं आणि जिवंत माणसाचं श्राद्ध घातलं गेलं असेल तर काय करायचं ते विचारलं, माझ्यासमोर, मोठ्याने.

काल सकाळी हयवदनरावांकडे गेलो. एक घर चुकलंय, शुद्धिपत्र काढायला हवं, म्हणालो. ते म्हणाले, "चाळिसातलं एक चुकू शकतं. पण नेमकं कुठलं चुकलं हे दोन वर्षांनी तुम्हाला इतकं खात्रीने कसं कळलं?" ते माझ्या बहिणीचं आहे, माहिती तिनेच पाठवली होती आणि मी ते मुद्दाम गाळलं, असं मी सांगितलं. त्यांनी ते लिहून मागितलं. दिलं. आता माझ्यावर चौकशी बसेल, बढती तर गेलीच. शुद्धिपत्र मंजूर झालंय. कारवारच्या साहेबांना आधी तार जाईल आणि तिच्यामागोमाग थेट एक प्रत. आश्विन संपायला तीन आठवडे आहेत. वेळेत पोचेल का, मला खरंच माहीत नाही. नाही पोचलं तर तुझं घर पाण्यात जाईल आणि ते समुद्राने नेलं असं मला म्हणता येणार नाही.

एक राहिलं. सगळ्यात जुनं तेच आहे.

वाट्या चाळीस का झाल्या, हे तुला नक्की ठाऊक आहे की नाही याचा मला आजवर अंदाज नाही. एक्कावन्न साली तू संताजीकडे राहायला गेलीस तेव्हा गावाने तुला टाकलं असं सगळे म्हणतात. परसूने टाकलं नव्हतं. पुनवेच्या आदल्या दिवशी त्याने मला देवळामागे बोलावलं. म्हणाला, "घराला माहेरचा माणूस लागता. तू नारळ घेऊन उभा रव, घर आम्ही मोजतो. कोण बोलता तो मी बघतंय." एवढंच होतं. शिळेपर्यंत दहा पावलं चालायची, गावासमोर, तुझ्या घराचा नारळ हातात घेऊन. मी हो म्हणालो. तू नारळ निवडलास, शेंडी नीट केलीस, हळदकुंकू लावून उंबऱ्याशी ठेवलास. तुला वाटलं मी सकाळी न्यायला येणार.

मी सकाळी धारवाडला निघून गेलो. नोकरीचा हुकूम आला होता हे खरं, पण हजर व्हायला आठ दिवस होते. देवळासमोर लोक जमायला लागले होते. तुझ्या घरावरून जायला नको म्हणून नव्हे, पण होडी पलीकडच्या काठाला होती आणि थांबलो असतो तर बस चुकली असती, म्हणून डोंगरावरून चालत गेलो.

तेव्हा घर गावाने मोजलं नाही असं नाही. मी मोजू दिलं नाही, दोनदा. एकदा पळून आणि एकदा टाइप करून.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण जागेचं काय झालं ते कुणाकडून तरी कळव. या खेपेला घरच्या पत्त्यावर पाठव.

पद्माकर


बंगळूर, ता. ९ डिसेंबर १९६४

अक्का,

तुझं कार्ड आलं. भाग्यलक्ष्मीच्या हातात पडलं, तिने आधी वाचलं, मग अप्पासाहेबांनी चष्मा लावून वाचलं आणि शेवटी माझ्याकडे आलं. या घरात तुझं आलेलं हे पहिलं टपाल. भाग्यलक्ष्मीने ते देवघरात ठेवलंय, म्हणून मी पाठ झालं तसंच लिहितो. "जागा मिळाली. नंबर एक्केचाळीस. छप्पर पुनवेनंतर. चौदावा नारळ काढून ठेवला आहे, तू आणू नकोस. डोंगरावरून येऊ नकोस, दोन कोस लांब पडतं. त्या दिवशी होडी आपल्याच काठाला होती. तू येशील म्हणून संताजी दुपारपर्यंत बसून होता."

हे कार्ड मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

सगळं कबूल करायला बसलो होतो, आणि तरी त्या पत्रात एक खोटं ठेवलंच. होडी आपल्याच काठाला होती. डोंगराच्या वळणावरून मी ती पाहिली होती. संताजी वल्हं आडवं टाकून बसला होता आणि तुमच्या घराच्या दाराकडे बघत होता. पाच वर्षं त्याने मला शाळेला नेलं-आणलं, एकदाही नको म्हणाला नाही. त्याच्या होडीतून पळून जायचं धैर्य मला नव्हतं, म्हणून झाडाआडून गेलो. तो माझ्यासाठीच बसलाय हे मला तेव्हाही माहीत होतं. दुपारपर्यंत बसला, हे मात्र तू सांगितलंस म्हणून कळलं. तेरा वर्षं तुला हे माहीत होतं आणि तू मला विहिरींची माहिती लिहून पाठवलीस.

माझी लाज मला कुठे ठेवावी कळत नाही, अक्का. ती घेऊनच येतो.

भाग्यलक्ष्मी बरोबर येते म्हणत होती. मी नको म्हटलं. ही दहा पावलं एकट्यानेच चालायला हवीत. ती पुढच्या महिन्यात येईल. तिने तुला विचारायला सांगितलंय, खीर तुला खरंच आवडते का, की तेही मी बनवून सांगितलं होतं.

पूनव शनिवारी आहे. मी शुक्रवारी सकाळच्या बसने पलीकडच्या काठावर उतरेन. परसूला सांगून ठेव. तो काय म्हणेल ते म्हणू दे, मी शिळेपाशी उभा राहीन. गावातले जे हसतील त्यांनी हसावं.

पलीकडून हाक मारायला माझ्या तोंडून आवाज निघेल की नाही, खात्री नाही. संताजीला म्हणावं, काठावर माणूस उभा दिसला की होडी सोड. आणि दुपारपर्यंत दिसला नाही, तर या वेळी थांबू नकोस.

पद्माकर